व्हीएमचा स्नॅपशॉट अडकला, बॅकअप फेल झाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी मेल उघडला की रात्रीच्या बॅकअप जॉबची लाल ओळ दिसते. व्हीएम म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर (होस्टवर) सॉफ्टवेअरने चालवलेली आभासी मशीन, आणि स्नॅपशॉट म्हणजे तिच्या डिस्कची एका क्षणी थांबवलेली अवस्था. खालचे प्रश्न मला अशाच सकाळी फोनवर विचारले जातात. बहुतेक उत्तरं व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरबद्दल आहेत, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. प्रॉक्समॉक्स आणि हायपर-व्ही या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं वेगळं जे आहे ते शेवटाकडे लिहिलंय.

जॉब फेल झाला. पहिल्यांदा बघायचं काय?

बॅकअप सॉफ्टवेअरचा एरर कोड गुगल करायच्या आधी एवढंच ठरवा, की जॉब नेमका कुठे पडला? स्नॅपशॉट घेताना, डिस्क वाचताना की स्नॅपशॉट काढताना? व्हीएमच्या बॅकअपचे हे तीनच टप्पे असतात आणि प्रत्येकाची दुखणी वेगळी. घेताना पडला तर बहुतेकदा गेस्टच्या (व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आत गडबड असते, नाहीतर डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइल्स ठेवायच्या स्टोरेजवर) जागा नसते. वाचताना पडला तर नेटवर्क, प्रॉक्सी (बॅकअपसाठी डिस्क वाचणारी मशीन) किंवा बॅकअप रिपॉझिटरी (बॅकअप साठवायची जागा) बघायची. काढताना पडला तर कुणीतरी फाइल धरून ठेवलीय.

मग व्हीसेंटर या व्हीस्फिअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधली त्या व्हीएमची टास्क यादी आणि व्हीएमच्या फोल्डरमधली व्हीएमवेअर डॉट लॉग ही फाइल उघडा. इथे नवीन माणूस हमखास फसतो. ईएसएक्सआयचे (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरचे) लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री २:०० ला सुरू झालेला जॉब लॉगमध्ये आदल्या तारखेला २०:३० ला सापडेल. 'लॉगमध्ये त्या वेळेला काहीच नाहीये' असं मला किती जणांनी सांगितलं असेल, मोजदाद नाही.

आणि लॉगमधली शेवटची नाही, पहिली चूक वाचा. शेवटची ओळ म्हणजे नुसता परिणाम असतो.

स्नॅपशॉट आहे ना, मग वेगळा बॅकअप कशाला?

स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल जशी आहे तशी थांबवली जाते आणि त्यानंतरचं प्रत्येक लिखाण शेजारच्या नव्या डेल्टा फाइलमध्ये जातं. फाइलच्या नावामागे ०००००१ असा आकडा दिसतो, ती ही. म्हणजे स्नॅपशॉटमध्ये तुमच्या डेटाची दुसरी प्रत नसतेच. मूळ फाइल गेली तर नुसत्या डेल्टाचा काडीचा उपयोग नाही. शिवाय दोन्ही एकाच डेटास्टोअरवर असतात, म्हणजे स्टोरेज गेलं की दोन्ही गेलं.

बॅकअप सॉफ्टवेअर स्नॅपशॉट वापरतं ते मूळ डिस्क हलू नये म्हणून, तेवढ्यापुरतं. वाचून झालं की तो काढून टाकायचा. व्हीएमवेअर स्वतः सांगतं, की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि साखळीत दोन-तीनच्या वर जाऊ नका. ३२ पर्यंत चालतात म्हणून ३२ ठेवायचे नसतात.

'व्हीएम क्वायेस करता आली नाही' असा एरर येतो. विंडोज सर्व्हर आहे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

क्वायेस म्हणजे स्नॅपशॉटच्या क्षणी आतल्या सॉफ्टवेअरला 'हातातलं लिहून टाक आणि जरा थांब' असं सांगणं. विंडोजमध्ये हे काम व्हीएसएस (व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस) करतं. एसक्यूएल सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, एक्स्चेंज अशा प्रत्येकाचा एक 'रायटर' असतो आणि तो आपापलं लिखाण थोपवून धरतो. धरायची मुदत मात्र फार थोडी. डिस्कवरचं लिखाण जेमतेम १० सेकंद अडवून ठेवता येतं. तेवढ्यात स्नॅपशॉट झाला नाही, तर व्हीएसएस हात वर करतं आणि जॉब पडतो.

व्हीएमच्या आत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' ही कमांड चालवा. प्रत्येक रायटर 'स्टेबल' आणि 'नो एरर' दिसला पाहिजे. एखादा 'फेल्ड' किंवा 'टाइम्ड आउट' असेल तर त्याची सर्व्हिस रीस्टार्ट करा. सिस्टिम रायटरसाठी क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, डब्ल्यूएमआय रायटरसाठी विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन, एसक्यूएलच्या रायटरसाठी एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर. ही सर्व्हिस रीस्टार्ट केल्याने डेटाबेस बंद पडत नाही, घाबरू नका.

एसक्यूएलचा रायटर यादीत दिसतच नाही, असंही होतं. तेव्हा डेटाबेसची नावं तपासा. एखाद्या नावाच्या शेवटी चुकून स्पेस पडली असेल तर हा रायटर गायब होतो. एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर मी यापायी दोन रात्री जागलोय. कुणीतरी टेस्टसाठी केलेला डेटाबेस, नावाच्या शेवटी एक न दिसणारी स्पेस. नाव बदललं आणि तिसऱ्या रात्री जॉब हिरवा.

रायटर ठीक असूनही रोज त्याच वेळी टाइम आउट होत असेल तर त्या वेळी आत काय चालू असतं ते बघा. बँक-पतसंस्थांमध्ये डे-एंड, कारखान्यात बिलांचा बॅच, कुठे अँटिव्हायरसचा फुल स्कॅन. जॉब तासभर पुढे ढकलला की निम्म्या केसेस तिथेच मिटतात. आणि एकाच सर्व्हरवर दोन बॅकअप सॉफ्टवेअरं बसवली असतील तर आधी एक काढा. दोघंही एसक्यूएलचे व्यवहार-लॉग ट्रंकेट करायला (कापायला) लागले, की कुणाचीच बॅकअपची साखळी पूर्ण राहत नाही.

मग क्वायेसची टिकच काढून टाकली तर?

जॉब हिरवा होईल. मिळालेली प्रत मात्र चालू मशीनची वायर उपटल्यावर डिस्क जशी असते तशी असेल. फाइल सर्व्हरला बहुधा चालून जातं, डेटाबेस बऱ्याचदा स्वतःला सावरतो. पण 'बऱ्याचदा' या शब्दावर मी तरी डेटाबेसचा सर्व्हर सोडणार नाही. एखाद्या रात्रीची सोय म्हणून करा आणि टिक परत लावायची आठवण कॅलेंडरमध्ये टाका.

लिनक्स व्हीएमला व्हीएसएस नसतं. तिथे काय होतं?

तिथे फाइल सिस्टिम 'फ्रीझ' केली जाते. व्हीएमवेअरमध्ये हे काम व्हीएमवेअर टूल्स किंवा ओपन-व्हीएम-टूल्स करतं, केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्समध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट. डेटाबेसला यातलं काही कळत नसतं. त्याला सांगायचं असेल तर फ्रीझच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट तुम्हीच लिहायच्या. नंतरची स्क्रिप्ट विसरलात तर डेटाबेस सकाळपर्यंत लॉक होऊन बसेल, एवढं लक्षात असू द्या.

फ्रीझ होताना अख्खी मशीन लटकत असेल तर लूप डिव्हाइसवर माउंट केलेलं काही आहे का बघा. वेब होस्टिंग पॅनेलच्या सर्व्हरवर टेंप फोल्डर पुष्कळदा असंच एका फाइलमध्ये असतं. ती फाइल ज्या डिस्कवर आहे ती आधी गोठली, की आतली गोठताना तिला लिहायला जागाच उरत नाही, आणि दोघी एकमेकींची वाट बघत बसतात.

काही व्हीएमचा स्नॅपशॉट मुळातच घेता येत नाही. का?

डिस्कचा प्रकार बघा. फिजिकल मोडमधला आरडीएम (स्टोरेजचा भाग व्हीएमला थेट जोडणं) असेल, किंवा क्लस्टरसाठी (एक पडला की दुसऱ्याने काम उचलावं म्हणून जोडलेल्या सर्व्हरसाठी) स्काझी बस, म्हणजे डिस्क जोडायची वाहिनी, शेअर केलेली असेल, तर स्नॅपशॉट मिळत नाही. 'इंडिपेंडंट' केलेली डिस्क स्नॅपशॉटमधून वगळली जाते, म्हणून ती बॅकअपमध्येही येत नाही. अशा मशीनमध्ये आत एजंट (बॅकअपचं छोटं सॉफ्टवेअर) टाकून बॅकअप घ्यायचा. दुसरा रस्ता शोधण्यात वेळ घालवू नका.

डेटास्टोअर भरला आणि व्हीएम थांबली. आता?

पहिली गोष्ट, डेल्टा फाइल हाताने डिलीट करू नका. 'मूळ डिस्क तर शाबूत आहे' असं वाटतं, पण स्नॅपशॉट घेतल्यापासूनचा सगळा डेटा त्या डेल्टात आहे.

जागा संपली की ईएसएक्सआय त्या व्हीएमला थांबवतं आणि 'जागा मोकळी करून रीट्राय करा' असा प्रश्न टाकून वाट बघतं. थांबलेली व्हीएम सुरक्षित असते, पॉवर ऑफ करायची घाई नको. आधी जागा करा. त्याच डेटास्टोअरवरच्या आयएसओ फाइल्स, जुने टेम्प्लेट, बंद पडलेल्या व्हीएम दुसरीकडे हलवा.

हे काहीच नसेल तर एक जुनी युक्ती आहे. चालू असलेल्या प्रत्येक व्हीएमची एक स्वॅप फाइल असते. तिचा आकार म्हणजे व्हीएमची रॅम वजा राखीव ठेवलेली मेमरी. रिझर्व्हेशन शून्य असेल आणि व्हीएमला १६ जीबी रॅम दिली असेल, तर ती व्हीएम नीट शटडाउन केली की १६ जीबी लगेच मोकळे होतात. टेस्ट सर्व्हर किंवा प्रिंट सर्व्हर तासभर बंद ठेवल्याने कुणाचं काही अडत नाही. तेवढ्या जागेत अडकलेली व्हीएम चालू होते, मग शांतपणे स्नॅपशॉट काढा.

काढताना एक बघा, की मूळ डिस्क थिन (लागेल तशी वाढणारी) आहे का? असेल तर डेल्टा आत मिसळताना मूळ फाइलही फुगते, तेव्हा तेवढी जागा हाताशी हवी. थिक (पूर्ण जागा आधीच घेतलेली) असेल तर हा प्रश्न येत नाही. मी स्वतः डेटास्टोअरची २० टक्के जागा रिकामी ठेवतो. मालकांना ते पैसे वाया घालवल्यासारखं वाटतं, पहिला प्रसंग येईपर्यंत.

स्नॅपशॉट डिलीट ९९ टक्क्यांवर अडकलाय. कॅन्सल करू का?

नका करू. होस्ट रीबूट तर अजिबात नको.

ही टक्केवारी फसवी आहे. ९९ वर खरं काम चालू असतं. व्हीस्फिअर क्लायंटमध्ये टास्क 'टाइम आउट' झालेला दिसला तरी होस्टवर मिसळणं सुरूच असतं. खात्री करायची तर एसएसएचने होस्टवर जा, व्हीएमच्या फोल्डरमधल्या फाइल्सची बदललेली वेळ मिनिटाच्या अंतराने दोनदा बघा. मूळ डिस्कची वेळ पुढे सरकत असेल तर काम चाललंय. चहा घेऊन या.

एका साखर कारखान्याच्या ऊसबिलाच्या सर्व्हरवर मी ही रात्र काढलीय. सॉफ्टवेअरवाल्याच्या माणसाने हंगामाआधी अपग्रेड करताना स्नॅपशॉट घेतला आणि विसरून गेला. गाळप सुरू झालं, वजनकाट्यावरच्या नोंदी रात्रंदिवस पडत राहिल्या, डेल्टा सहाशे जीबीच्या वर गेला. डिलीट दाबलं संध्याकाळी सातला, संपलं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. मधल्या चौदा तासांत चीफ अकाउंटंट साहेबांचे अकरा फोन. प्रत्येकाला एकच उत्तर, 'साहेब, चालू आहे, हात लावू नका.' त्यानंतर तिथे तीन दिवसांपेक्षा जुना स्नॅपशॉट सापडला की मेल येईल असा अलार्म लावला.

स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा आहे, पण फोल्डरमध्ये डेल्टा फाइल्स दिसतात.

व्हीएमच्या समरी पानावर 'कन्सॉलिडेशन नीडेड' असा इशारा असेल. स्नॅपशॉटची नोंद पुसली गेली, पण डेल्टा मिसळता आला नाही. स्नॅपशॉट मेनूमधलं 'कन्सॉलिडेट' चालवा. 'फाइल लॉक आहे' असं आलं तर धरून कोण बसलंय ते शोधायचं.

दहापैकी आठ वेळा गुन्हेगार बॅकअप प्रॉक्सीच असतो. हॉट-अ‍ॅड पद्धतीत प्रॉक्सी व्हीएम तुमच्या व्हीएमची डिस्क स्वतःला जोडून वाचते. जॉब मध्येच मेला की ती डिस्क प्रॉक्सीला तशीच चिकटून राहते. प्रॉक्सीच्या एडिट सेटिंग्जमध्ये जा, दुसऱ्या व्हीएमच्या फोल्डरमधली डिस्क दिसली की ती काढा. काढताना 'डेटास्टोअरवरून फाइल डिलीट करा' ही टिक लावायची नाही. पुन्हा वाचा, ती टिक लावायची नाही. मग कन्सॉलिडेट परत चालवा.

प्रॉक्सी स्वच्छ असेल तर व्हीएमएफएसवर (व्हीएमवेअरच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमवर) 'व्हीएमएफएसफाइललॉकइन्फो' ही कमांड लॉक धरणाऱ्या होस्टचा मॅक पत्ता दाखवते. व्हीएम बंद ठेवून त्या होस्टवर हलवली आणि तिथून चालू केली, की बहुधा सुटतं. तरीही हटत नसेल तर व्हीएम बंद करून साखळीतल्या शेवटच्या डेल्टावरून डिस्क क्लोन करा. सगळे थर एकत्र होऊन एक नवी सलग डिस्क मिळते. जुन्या फाइल्स आठवडाभर तरी पुसू नका.

'पॅरेंट डिस्क बदलली आहे' असं म्हणत व्हीएम चालूच होत नाही.

मूळ डिस्क कुणीतरी दुसऱ्या व्हीएमला जोडून उघडली असणार, 'एक फाइल काढायची होती' म्हणून. प्रत्येक डिस्कच्या छोट्या वर्णन-फाइलमध्ये सीआयडी नावाचा क्रमांक असतो, आणि डेल्टाच्या फाइलमध्ये 'माझ्या पॅरेंटचा सीआयडी हा' असं लिहिलेलं असतं. पॅरेंटवर लिखाण झालं, की दोघांचं जुळत नाही.

वर्णन-फाइलची आधी प्रत काढा आणि मगच डेल्टामधला क्रमांक पॅरेंटशी जुळवा. व्हीएम चालू होईल. पण मूळ डिस्कवर खरोखर काही लिहिलं गेलं असेल तर आतली फाइल सिस्टिम बिघडलेली निघू शकते, म्हणून हे क्लोनवर करून बघणं शहाणपणाचं.

इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं घेणारा) बॅकअप अचानक अख्खी डिस्क वाचायला लागला.

कुठले ब्लॉक बदलले याची यादी सीबीटी (चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग) ठेवतं, फोल्डरमधल्या सीटीके फाइल्समध्ये. होस्टची वीज अचानक गेली किंवा व्हीएम जबरदस्तीने बंद झाली, की ही यादी अविश्वसनीय ठरू शकते आणि सॉफ्टवेअर सगळं वाचायला लागतं. एखादा दिवस झालं तर सोडून द्या. रोज होत असेल तर स्नॅपशॉट सगळे काढून सीबीटी रीसेट करा. त्यानंतरचा पहिला जॉब पूर्ण वाचणारच.

उलटी चूक जास्त घातक, म्हणजे यादीत बदललेला ब्लॉकच नसणं. २०१४ मध्ये असा दोष समोर आला होता. ईएसएक्सआय ४ आणि ५ मालिकेत १२८ जीबीच्या पुढे वाढवलेल्या डिस्कची यादी चुकीची मिळत होती, आणि जॉब मात्र हिरवे. तेव्हापासून डिस्क वाढवली की मी एक फुल बॅकअप घेतोच.

स्नॅपशॉट काढताना सर्व्हर काही सेकंद गोठतो.

शेवटच्या क्षणी व्हीएम थोडा वेळ थांबवावीच लागते. लिखाण जितकं जास्त आणि स्टोरेज जितकं मंद, तितका हा वेळ वाढतो. एनएफएस ३ वरची (नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजवरची) व्हीएम वेगळ्या होस्टवरच्या प्रॉक्सीने हॉट-अ‍ॅडने वाचली तर ही थांबणूक तीसेक सेकंदांपर्यंत जाते. तिथे प्रॉक्सी त्याच होस्टवर ठेवा नाहीतर नेटवर्क मोड वापरा. क्लस्टरच्या व्हीएम उगाच फेलओव्हर होत असतील तर हार्टबीटची ('मी जिवंत आहे' या इशाऱ्याची) सहनशक्ती वाढवा.

प्रॉक्समॉक्समध्ये 'व्हीएम लॉक आहे, बॅकअप' असं येतं.

बॅकअप अर्धवट मेला, कुलूप राहिलं. आधी त्या व्हीएमचा बॅकअप खरंच चालू नाही ना ते टास्क यादीत बघा, मग 'क्यूएम अनलॉक' आणि व्हीएमचा नंबर. चालू बॅकअपचं कुलूप तोडू नका.

दुसरी तक्रार, बॅकअपच्या वेळी व्हीएम रांगते. प्रॉक्समॉक्समध्ये अजून न वाचलेल्या ब्लॉकवर गेस्टला लिहायचं असेल, तर जुना ब्लॉक आधी बॅकअपकडे जावा लागतो. बॅकअपचा एनएएस (नेटवर्कवरचं स्टोरेज) मंद असेल तर गेस्टही मंद. ८.२ आवृत्तीपासून आलेली फ्लीसिंगची सोय वापरा. जुना ब्लॉक आधी जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवला जातो आणि गेस्टची सुटका होते.

हायपर-व्हीमध्ये एव्हीएचडीएक्स फाइल्स साठल्यात. पुसू?

नाही. त्याच तिथल्या डेल्टा. चेकपॉइंट (हायपर-व्हीमधले स्नॅपशॉट) हायपर-व्ही मॅनेजरमधून काढले, की त्या आपोआप मिसळतात. यादीत चेकपॉइंट नसेल आणि फाइल उरली असेल तर व्हीएम बंद करून, डिस्कच्या प्रती काढून, 'एडिट डिस्क'मधून सगळ्यात नव्या थरापासून मागे मर्ज करत या. क्रम चुकवू नका.

डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कवरची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) जुन्या स्नॅपशॉटला परत नेला तर चालेल?

विंडोज सर्व्हर २०१२ च्या आधी हे म्हणजे विषाची परीक्षा होती. बाकीच्या कंट्रोलरशी त्याचे क्रमांक जुळायचे नाहीत आणि बदल गुपचूप हरवायचे. २०१२ पासून व्हीएम-जनरेशन आयडीमुळे त्याला कळतं, की आपल्याला मागे नेलंय. तरीही दुसरा कंट्रोलर चालू असेल तर बिघडलेला काढून नवा उभा करणं मला सोपं वाटतं.

जॉब रोज हिरवा आहे. मग रिस्टोर कशाला करून बघायचा?

हिरवी टिक सांगते की ब्लॉक वाचले आणि लिहिले. आतला डेटाबेस उघडतो का, हे ती सांगत नाही. महिन्यातून एकदा एक व्हीएम रिस्टोर करा. नेटवर्क कार्ड आधी डिस्कनेक्ट करा, नाहीतर एकाच आयपीचे दोन सर्व्हर उभे राहतील आणि दुपारभर लोकांच्या नोंदी भलत्याच ठिकाणी पडतील. लॉगिन करा, डेटाबेसवर चेकडीबी (एसक्यूएलची डेटाबेस तपासायची कमांड) चालवा, कालची शेवटची पावती सापडते का बघा. आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवा, कारण सर्व्हर खरंच पडेल त्या दिवशी सगळे तेवढंच विचारतात.

सपोर्टला केस टाकायच्या आधी काय गोळा करू?

व्हीएमवेअर डॉट लॉग लगेच कॉपी करून ठेवा, कारण व्हीएम पुन्हा चालू केली की नवा लॉग सुरू होतो आणि काही रीस्टार्टनंतर जुना पुसला जातो. त्यासोबत व्हीएमच्या फोल्डरमधल्या फाइल्सची आकार आणि वेळेसकट यादी, बॅकअप सॉफ्टवेअरचा त्या जॉबचा लॉग, विंडोज असेल तर रायटर्सचं आउटपुट आणि अ‍ॅप्लिकेशन इव्हेंट लॉग. जॉब कधी पडला ती वेळ यूटीसी आणि भारतीय, दोन्हीत लिहा. आणि एररचा फोटो मोबाइलवर काढून पाठवू नका, मजकूर कॉपी करा. फोटोत ओळीचं उजवं टोक कापलेलं असतं आणि फाइलचं नाव नेमकं तिथेच असतं.